येण्याचं कारण

गेल्या भाऊबीजेला आत्या दहिवडीहून आली आणि आमच्या सोसायटीच्या गेटवर 23 मिनिटं अडकून पडली. हा माझा अंदाज नव्हे, सोसायटीच्या ॲपमधल्या 'गेटवर' आणि 'आत' या दोन नोंदींमधलं ते अंतर आहे. बाबांना आता एसटीचा प्रवास झेपत नाही, म्हणून ओवाळायला तीच येते. वय 78, हातात अनारशांचा स्टीलचा डबा. माझा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता, इंटरकॉम वाजला तरी बाबांना ऐकू येत नाही आणि मी स्वयंपाकघरात नारळ खवत बसलो होतो. धापा टाकत खाली पोचलो तेव्हा ती केबिनमधल्या एकुलत्या खुर्चीवर बसली होती आणि रखवालदार उभा होता.

"तुझ्याकडं यायचं म्हणजे मामलेदाराची गाठ घेतल्यासारखंच की रे," ती म्हणाली. "तिथं निदान बाकडं तरी असतं."

रात्री सहज ॲप उघडून पाहिलं. 'येण्याचं कारण' या रकान्यात पाहुणे, डिलिव्हरी, कॅब, कामवाले आणि इतर असे पाच पर्याय आहेत. आत्या 'इतर'मध्ये होती. हातातला डबा बघून ही पाहुणी की डिलिव्हरी, असा रखवालदाराला पेच पडला असावा.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी विषय ठरवताना संपादक मंडळात नेहमीप्रमाणे वादावादी झाली. पण मी हा किस्सा सांगितला आणि प्रत्येकाच्या पोतडीतून एकेक गेट बाहेर पडायला लागलं. एकाला सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याला जाताना आधार कार्ड दाखवावं लागलं होतं. आमची एक सहकारी एका लेखकाकडे हस्तलिखित आणायला गेली, तर तिला मालाच्या लिफ्टनं वर पाठवलं. (लेखकाला ते कळलं तेव्हा त्याला वाईट वाटलं, आणि त्यानं लगेच त्यावर कथा लिहिली. ती या अंकात आहे.) तेव्हा या अंकाचा विषय, आपली फाटकातली वस्ती.

ॲपमधल्या त्या पाचांतल्या एकाही पर्यायात न बसणारी माणसं मला आठवत राहिली. लहानपणी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या दारात कोण कोण यायचं! जुन्या साड्यांवर भांडी देणारी बोहारीण यायची. तिच्याशी आईची घासाघीस म्हणजे तासाभराचं नाटक. कल्हईवाला, रद्दीवाला, पहाटे मोरपिसांच्या टोपीतला वासुदेव. लक्ष्मीपूजनाला लागणारी केरसुणी घेऊन एक म्हातारी यायची. शिंदीच्या पानांची ती केरसुणी तिनं स्वतः बांधलेली असे. केरसुणीची लक्ष्मी म्हणून पूजा आजही आमच्याकडे होते, फक्त ती मोबाइलवर मागवली की दहा मिनिटांत दारात येते. म्हणजे केरसुणीला गेटमधून वाट आहे, ती बांधणारीला नाही. तिच्या येण्याचं कारण कोणत्या रकान्यात लिहायचं? वासुदेवाला तर भेटायचं 'कोणाला' हेच सांगता येणार नाही. तो सगळ्यांनाच भेटायला यायचा.

हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, कारण मी स्वतः सात वर्षं अशा संकुलात राहतो आणि सोडून जायचा माझा बिलकूल विचार नाही. आठ वर्षांची मुलगी संध्याकाळी एकटी सायकल घेऊन खाली जाते. बायको रात्री साडेदहाला फेऱ्या मारायला उतरते, आणि मी तिची वाट बघत गॅलरीत उभा राहत नाही. शहरातल्या किती रस्त्यांवर हे जमेल? बाबांना एकदा रात्री छातीत दुखायला लागलं, तेव्हा गाडी पोर्चमध्ये आणून लावणारा आणि त्यांना दोन्ही हातांवर उचलून आत बसवणारा याच गेटवरचा माणूस होता. फाटकांवर तोंडसुख घेणारे लेख आमच्याकडे भरपूर आले. त्यांतले बहुतेक फाटकाच्या आतूनच लिहिलेले होते.

शिवाय ही फाटकं केवळ श्रीमंतीच्या मिजाशीतून उभी राहिली, असंही नाही. पुण्याच्या हद्दीत 2017 साली 11 गावं आली, 2021 साली आणखी 23. इमारती त्याच्या कितीतरी आधी उभ्या होत्या, पण नळ, गटार आणि रस्त्यावरचा दिवा मागे राहिला. महापालिका पोचत नाही तिथे सोसायटीच महापालिका होते. टँकर तीच मागवते, मैलापाणी तीच शुद्ध करते, कचऱ्यापासून खत तीच करते आणि रात्रीचा पहाराही तीच ठेवते. मेंटेनन्स म्हणजे दुसरी घरपट्टी. पहिली भरून काही मिळत नाही, म्हणून दुसरी भरायची. आणि स्वतःच्या पैशानं दिवा लावला की त्याचा उजेड कुंपणाबाहेर सांडू नये, असं वाटायला फार दिवस लागत नाहीत.

हडपसरच्या मगरपट्टा सिटीची गोष्ट जरा निराळी आहे. तिथे 120च्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे 400 एकर जमीन बिल्डरला विकून मोकळं होण्याऐवजी एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या हिश्शाप्रमाणे तिचे भागधारक झाले. 2000च्या सुमारास काम सुरू झालं. उसाच्या शेतात नगर उभं राहिलं आणि उसाचे मालक त्या नगराचे मालक राहिले. एरवी शहराच्या कडेला जमीन विकलेला शेतकरी आपल्याच जुन्या बांधावर निळा गणवेश घालून उभा राहतो. या अंकातल्या एका कथेत लेखकानं असा रखवालदार रंगवला आहे. संकुलातल्या कुठल्या विंगखाली आपली विहीर होती, ते तो नव्या माणसाला सांगतो. कथा काल्पनिक आहे, असं लेखकाचं म्हणणं आहे.

जुन्या दिवसांबद्दल हळहळताना जरा जपून. नारायण पेठेतल्या ज्या वाड्यात आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो, त्यालाही दरवाजा होता आणि त्यात दिंडी होती. रात्री साडेदहाला मालक अडसर घालत. त्यानंतर आलेल्याला कडी वाजवून, बोलणी खाऊन आणि त्या दिंडीतून वाकूनच आत यावं लागे. बाबा शिक्षक होते, शिकवण्या संपवून उशिरा येत आणि रोज वाकत. बोहारणीला दारापर्यंत वाट होती हे खरं, पण भाडेकरू म्हणून ती चालली असती का? वाड्यातल्या सोळा बिऱ्हाडांची आडनावं आठवली की उत्तर मिळतं.

सहकारी गृहनिर्माणाची सुरुवातही अशीच आपापल्यांपासून झाली. मुंबईत गावदेवीला सारस्वत सोसायटी 1915 साली नोंदली गेली. घर परवडेना म्हणून मध्यमवर्गीयांनी एकत्र येण्याचा तो धाडसी प्रयोग होता, आणि एकत्र आली ती एका ज्ञातीची माणसं. पुढे महाराष्ट्राच्या 1960च्या सहकार कायद्यात कलम 23 आलं. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही, असं ते सांगतं. मात्र सर्वोच्च न्यायालयानं 2005 साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सभासदत्व आपल्या समाजापुरतं राखायला मुभा दिली. प्रत्यक्षात हा कायद्याचा कीस कोणी पाडत नाही. भाड्यानं जागा बघायला गेलेल्याला आडनाव विचारतात, मग "तुमच्याकडे खाणंपिणं काय?" असं विचारतात, मग जागा आधीच गेलेली असते. ॲपमध्ये या नकाराची नोंद होत नाही.

त्या भाऊबीजेला जेवताना आत्यानं एक गोष्ट काढली. तिच्या लहानपणी गावाला वेस होती, दगडी, वर नगारखाना पडका. वेशीवर येसकर असे. रात्री वेस राखायची, गावात परकं माणूस कोण आलं, कुणाकडं उतरलं, ही खबर पाटलाला द्यायची. "तुमच्या त्या ॲपचं काम एकटा माणूस करायचा," ती म्हणाली. दिवस मावळला की तो भाकरी मागायला येई. तिची आई उंबऱ्याच्या आतून त्याच्या घोंगडीत भाकरी वरून टाकायची. आत्यानं हात उंच धरून दाखवलं, आणि तो हात तसाच थोडा वेळ राहिला.

"आणि राहायला कुठं होता?" माझ्या मुलीनं विचारलं.

"वेशीच्या भाईर."

येसकरकी महारांकडे होती. गावाचा दरवाजा ज्यानं राखायचा त्याचं घर गावकुसाबाहेर, ही व्यवस्था शतकानुशतकं चालली आणि तिला हक्क म्हणायची पद्धत होती. 1928 साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा झाला तो 1958 साली, त्यांच्या निधनानंतर. आत्या तेव्हा अकरा वर्षांची होती.

आमच्या गेटवरचा माणूस वतनदार नाही. त्याला पगार मिळतो, तो मराठवाड्यातून आला आहे, त्याची जात मला माहीत नाही आणि उद्या तो नोकरी सोडू शकतो. फरक मोठा आहे, तो पुसून टाकणं हा खोटेपणा होईल. तरी काही गोष्टी सांगतो. आमच्याकडे पाळी 12 तासांची आहे. तीन गेटांवर मिळून खुर्च्या दोन. पहाऱ्यावरच्या माणसानं बसू नये, असं गेल्या वार्षिक सभेत एका सभासदानं मांडलं आणि कुणी विरोध केला नाही; मीही सभेला होतो. संकुलात 640 घरं आहेत, त्यांतलं एकही गेटवरच्या माणसाला भाड्यानं परवडणारं नाही. तो नदीपलीकडे पत्र्याच्या खोलीत चौघांत राहतो. आमच्या कामवाल्या मावशींना दिवाळीत फराळाचा डबा दिला, तर ॲपवर त्याचा गेटपास काढावा लागतो. 'वस्तू : डबा, नग : 1.' नाही काढला तर बाहेर पडताना त्यांची पिशवी उघडतात. उघडणारा आणि उघडून दाखवणारी दोघंही त्या वेळी दुसरीकडेच बघत असतात.

दिवाळीची पोस्त मात्र आम्ही सढळ हातानं देतो. ग्रुपवर वर्गणी जमते, यादी लागते.

सुटीत पोरांनी किल्ला केला. पार्किंगमध्ये माती आणायला बंदी असल्यामुळे तो क्लब हाऊसमागच्या पट्टीत झाला, आणि कमिटीनं स्पर्धा ठेवल्यामुळे शेजारच्या विंगनं प्लास्टरचा तयार रायगड विकत आणला. आमच्या पोरांचा रायगड मातीचा, हळिवाचा, गळका. महादरवाज्यावर त्यांनी चार पहारेकरी ठेवले. हिरकणी कुठे ठेवायची यावरून भांडण झालं.

हिरकणीची आख्यायिका आपण आईच्या काळजाची म्हणून सांगतो. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, सूर्यास्ताला दरवाजे बंद, खाली घरी तान्हं पोर. मग ती अंधारात कडा उतरून जाते. मुलीला सांगता सांगता मला जाणवलं, की ही गेटचीही गोष्ट आहे. हिरकणी दुधाची डिलिव्हरी द्यायला आली होती, तिचं काम लांबलं आणि रात्री आत थांबायचा तिला परवाना होता की नव्हता, हे गोष्ट सांगत नाही. पहारेकऱ्याला ती ओळखीची होती, पण नियमापुढे त्याचा इलाज नव्हता. आणि महाराजांनी काय केलं? साडीचोळी देऊन तिचा सन्मान केला, आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधून ती वाट बंद केली. आमच्या कमिटीनं दुसरी गोष्ट नक्की केली असती. तिथे कॅमेराही बसवला असता. साडीचोळीचा विषय पुढच्या मीटिंगवर गेला असता.

मुलीनं हिरकणीला शेवटी कड्याच्या मध्यावर चिकटवलं. पावसाची सर आली तेव्हा ती आधी पडली.

आता थोडं आमच्या धंद्याचं. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा कागदाचा पाहुणा मराठी घरांत येतो आहे. एकेकाळी फिरत्या वाचनालयाचा माणूस पिशवीत पंचवीस अंक घेऊन जिने चढायचा, दारात बसून पाणी प्यायचा आणि कोणता अंक फुसका निघाला ते संपादकाच्या आधी वाचकाला सांगायचा. हल्ली आमचा अंक गेटवर 'डिलिव्हरी' म्हणून नोंदला जातो आणि केबिनमध्ये पिझ्झ्याच्या खोक्याखाली राहतो.

गेल्या वर्षी एका वर्गणीदारांचा नाराजीचा फोन आला. त्यांचा अंक आठवडाभर केबिनमध्ये पडून होता आणि मिळाला तेव्हा शब्दकोडं अर्धंअधिक सोडवलेलं होतं. आम्ही त्यांना नवी प्रत पाठवली, जुनी मागवून घेतली. पेन्सिलीनं, खोडता येईल अशा फिक्या अक्षरांत, 52 पैकी 37 शब्द भरले होते. रात्रपाळीचं काम असणार. मी ते आमच्या उत्तरांशी ताडून पाहिलं. दोन शब्द चुकले होते. तिसरा, उभा 19, आमच्या उत्तरापेक्षा निराळा होता. कोश काढून पाहिला, तेव्हा त्याचा बरोबर निघाला.

गेल्या वर्षीच्या शब्दकोड्यातली ही दुरुस्ती यंदा शेवटच्या पानावर छापली आहे.