फेरिसची सुट्टी आणि कोचीजचं मरण

जॉन ह्यूजेस 6 ऑगस्ट 2009 ला गेला, वयाच्या 59 व्या वर्षी. तेव्हापासून त्याचे चाहते थकलेले नाहीत. 2010 च्या ऑस्कर सोहळ्यात त्याचे जुने नट-नट्या मंचावर उभे राहिले आणि सभागृह हळवं झालं. 'सिक्स्टीन कॅन्डल्स', 'द ब्रेकफास्ट क्लब', 'फेरिस ब्युलर्स डे ऑफ' या सिनेमांबद्दल बोलताना लोक एक वाक्य हमखास म्हणतात: "हे आपल्या सगळ्यांचं पौगंडावस्थेतलं जग होतं." आमच्याच चळवळीतली इंग्रजी शिकलेली पोरंही आता हे वाक्य म्हणू लागली आहेत. भांडण या 'सगळ्यांचं'शी आहे.

आधी माणसाला न्याय देऊ. पोरं मूर्ख नसतात, त्यांचं दुःख खरं असतं, हे हॉलिवूडला पटवणाऱ्यांत ह्यूजेस होता. त्याला वर्गही दिसत होता. 'प्रिटी इन पिंक' (दिग्दर्शन दुसऱ्याचं, लेखन त्याचं) मधली अँडी रुळांच्या गरीब बाजूला राहते आणि श्रीमंत पोराने घरी सोडायला येऊ नये म्हणून धडपडते. घराचा पत्ता लपवणं म्हणजे काय, हे आमच्या वस्त्यांतल्या पोरींना वेगळं सांगायला नको. मूळ शेवटात अँडी तिच्या गरीब मित्राबरोबर राहणार होती. चाचणी खेळातल्या प्रेक्षकांना ते रुचलं नाही, मग शेवट बदलून तिला श्रीमंत पोराकडे पाठवलं.

पण रंगाचं काय? 'ब्रेकफास्ट क्लब'मध्ये शनिवारची शिक्षा भोगणारी पाच पोरं पाच 'प्रकारची' आहेत आणि पाचही गोरी आहेत. 'सिक्स्टीन कॅन्डल्स'मध्ये आशियाई विद्यार्थी येतो तो विनोदासाठी, त्याच्या एंट्रीला घंटा वाजते. त्याच सिनेमात नायक आपल्या दारूत बेशुद्ध मैत्रिणीला दुसऱ्या पोराच्या हवाली करतो आणि तेही विनोद म्हणून खपतं. ही तक्रार फक्त आमची नाही. त्याची लाडकी नायिका मॉली रिंगवाल्ड हिनेच 2018 साली 'न्यूयॉर्कर'मध्ये हे सिनेमे पुन्हा तपासले. तिने ते फेकून दिले नाहीत, पण डोळेही झाकले नाहीत. चाहत्यांनी निदान तिच्याइतकी हिंमत दाखवावी.

"त्याच्या गावात काळी माणसं नव्हतीच, तो काय करणार?" हा बचाव नेहमी येतो. नव्हती, कारण येऊ दिली नव्हती. ह्यूजेसचं काल्पनिक गाव शर्मर हे शिकागोच्या उत्तरेकडच्या श्रीमंत उपनगरांवरून घेतलेलं. तो वाढला त्या नॉर्थब्रूकचं जुनं नावच शर्मरव्हिल. शेजारच्या डिअरफिल्डमध्ये 1959 साली एका बिल्डरने काही घरं कृष्णवर्णीय कुटुंबांना विकायचं ठरवलं, तेव्हा गावाने ती जमीनच बागेसाठी ताब्यात घेतली. बाग झाली, शेजारी आले नाहीत. जुलै 1965 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग घरबंदीच्या या प्रश्नावर बोलायला विनेटकाच्या मैदानात आले होते. 'होम अलोन'मधलं ते सुंदर घर याच विनेटकात आहे! गावकुसाची भिंत दगडाचीच असते असं नाही, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही.

आता त्याच शिकागोतला दुसरा सिनेमा बघा. 'कूली हाय', 1975, दिग्दर्शक मायकेल शुल्ट्झ. लेखक एरिक मॉन्टी स्वतः कॅब्रिनी-ग्रीन या गरीब वसाहतीत वाढलेला. प्रीच आणि कोचीज ही काळी पोरं शाळा बुडवतात, प्राणिसंग्रहालयात भटकतात, चोरीच्या गाडीत फिरतात. अकरा वर्षांनी फेरिसही शाळा बुडवतो, मित्राच्या बापाची फेरारी पळवतो, शिकागोभर हिंडतो. फेरारीचा चुराडा होतो, तरी फेरिस वेळेत अंथरुणात शिरतो आणि आपल्याकडे बघून हसतो. प्रीच आणि कोचीजला पोलीस उचलतात. एका शिक्षकाच्या ओळखीने दोघं सुटतात, पण मागे राहिलेल्या साथीदारांना वाटतं की यांनी आपली नावं दिली. कॉलेजची शिष्यवृत्ती मिळालेल्या कोचीजला ते मरेपर्यंत मारतात. तीच सुट्टी, तेच शहर.

फेरिस महागड्या हॉटेलात दुसऱ्याच माणसाचं नाव सांगून टेबल मिळवतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. आम्हाला इथे बडोदा आठवतं. कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं आणि काही दिवसांत काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. खोटं नाव सांगणं ही कुणाची गंमत असते, कुणाची नाइलाजाची गोष्ट. फेरिस पकडला गेला असता तर फार तर जेवण हुकलं असतं.

म्हणून 'बालपण सगळ्यांचं सारखंच' हे गोड वाक्य आम्ही नाकारतो. मराठीतही शाळेच्या आठवणींचा असाच बाजार आहे: बाक, डबा, पहिलं प्रेम. नागराज मंजुळेच्या 'फँड्री'त जब्याचंही पहिलंच प्रेम आहे, पण शाळेतल्या पोरांसमोर, त्या मुलीसमोर त्याला डुक्कर धरावं लागतं. तो दगड भिरकावतो तेव्हा हळव्या आठवणींचा चष्मा फुटतो, म्हणून काहींना तो शेवट 'फारच कडवट' वाटला.

ह्यूजेसवर बंदी घाला असं आम्ही म्हणत नाही. बघा, हसा, त्याचे संवाद पाठ करा. पण वसतिगृहांत, अभ्यासवर्गांत जिथे कुठे 'फेरिस' लावाल, तिथे त्याच संध्याकाळी, मध्ये चहाची सुट्टी न देता, 'कूली हाय' लावा. आणि मग पोरांना बोलू द्या.