परदेशातील उमेदवारी

इंटर्नशिप हा शब्द आता आपल्या घरांत रुळला असला, तरी वस्तू जुनीच आहे. संस्थानी कचेरीत तिला उमेदवारी म्हणत. पोरगा बिनपगारी कारकुनांच्या शेजारी बसे, नकला करी आणि हळूहळू दप्तर ओळखू लागे. माझे वडील दरबारचे गवई; त्यांच्याकडे आलेल्या शागिर्दाचे पहिले कित्येक महिने तंबोरा लावण्यात आणि नुसते ऐकण्यात जात.

माझ्याकडे गाणे शिकणारी एक मुलगी लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, वस्तीत काम करणाऱ्या एका संस्थेत उमेदवारीला निघाली आहे. आपल्या मंडळींनी तिला तीन प्रश्न विचारले. पगार किती? तिकडेच राहणार का? आणि समाजसेवाच करायची तर बडोद्यात वस्त्या कमी आहेत का?

पहिले दोन सोडून देऊ. तिसऱ्याचे उत्तर मात्र द्यायला हवे. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा हीच मुलगी नदीकाठी अन्नाची पाकिटे वाटत होती. पाणी ओसरले, पाकिटे संपली आणि वाटणारे घरी गेले. पुढे काय करायचे असते, हे त्यांतल्या कोणालाच ठाऊक नव्हते. ते शिकायला ती चालली आहे, आणि ठिकाण तिने योग्य निवडले आहे. त्याच भागात 1884 साली सॅम्युअल बार्नेट हे धर्मोपदेशक आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी टॉयन्बी हॉल स्थापन केला. विद्यापीठातल्या तरुणांनी गरिबांच्या वस्तीत दाता म्हणून न जाता शेजारी म्हणून राहावे, ही त्यामागची कल्पना. 1898 पासून तेथे कायद्याचा सल्ला फुकट मिळू लागला. पुढे पंतप्रधान झालेले ॲटलीसाहेब तेथे काही काळ चिटणीस होते. शिकागोच्या जेन ॲडम्स यांनी ते काम पाहिले आणि 1889 मध्ये हल हाऊस उघडले. तेथे 1893 साली संगीतशाळाही निघाली, ही गोष्ट मला विशेष वाटते. भाकरी आणि औषध यांच्याबरोबर गाणेही शेजाराची गरज मानले गेले. आपल्याकडे ते अजून समारंभाच्या आरंभी स्वागतगीतापुरतेच बोलावले जाते, असो.

आता पगाराचे. ब्रिटनमध्ये अशा सेवाकार्यासाठी जो परवाना मिळतो, त्यावर जास्तीत जास्त बारा महिने राहता येते आणि काम बिनपगारी असते. खोलीचे भाडे ज्याचे त्याने पाहायचे. म्हणजे ही उमेदवारी बापाची ऐपत असलेल्यांचीच. याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. पण ज्या शहराने 1913 साली एका तरुणाला दरमहा साडेअकरा पौंड देऊन कोलंबिया विद्यापीठात धाडले, त्या शहरात तरी हा विषय निघायला हवा.

त्या गोष्टीचा पूर्वार्ध आपण अभिमानाने सांगतो. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. 1917 मध्ये डॉ. आंबेडकर करार पाळायला बडोद्यास आले. त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी उतारशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी तेथूनही हुसकले गेले. दोन मित्रांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. पाच तास कमाटीबागेत बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस गेले. महाराजांनी शिकायला पैसे दिले होते. खोली देणे आपल्या हातात होते. त्या दिवशी आपल्या वाड्यांतून किती खोल्या रिकाम्या असतील, हा हिशेब मला सुटत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. शहरातल्या मराठी मंडळांनी मिळून दरवर्षी एका उमेदवाराचे भाडे उचलावे. निवड करताना आडनाव पाहू नये. दहा नव्हे, दोनच वर्षे त्याने परत येऊन येथे काम करावे, आणि त्यासाठी जागा आपण आधीच काढून ठेवावी. आमच्या मंडळाच्या सभागृहामागची खोली दुपारी रिकामी असते. नदीकाठच्या बायकामुलांना तेथे येता येईल. काही सभासदांना ते रुचणार नाही, हे मला ठाऊक आहे. सध्या तेथे मोडक्या खुर्च्या आणि तडा गेलेले दोन तंबोरे पडले आहेत. खोली मोकळी करून द्यावी, असा अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे. तंबोरे मी दुरुस्तीला नेईन.