डब्याएवढे घर आणि माणसाएवढी जागा

हल्ली रेल्वेच्या डब्यासारखे छोटेखानी घर बांधून त्यात पाहुण्यांना पैसे घेऊन उतरवण्याची टूम निघाली आहे. आत बर्थसारखे पलंग, डब्यासारख्या खिडक्या, बाहेर फलाटावरचा पिवळा फलक. विलायतेत ही गोष्ट जुनी आहे. तिकडच्या एका रेल्वे कंपनीने १९३३ साली जुने डबे रुळाच्या कडेला उभे करून सुट्टीत राहायला भाड्याने दिले. आपल्याकडे मुंबई सेंट्रल स्टेशनात नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएवढ्या खोल्यांचे ‘पॉड हॉटेल’ सुरू झाले. अशा ४८ पेट्या. एका पेटीत एक माणूस, गादी, दिवा, आरसा आणि फोन चार्ज करायची सोय. संडास-बाथरूम सामाईक. आमचा पुतण्या मुलाखतीला गेला तेव्हा तिथे राहिला. परत आल्यावर म्हणाला, ‘‘काका, झोपायला झकास. पण आईला बरोबर नेले असते तर दोघांनी बसून चार घास खायला जागा नाही.’’

त्याच्या या एका वाक्यात छोट्या घराचा सगळा प्रश्न आहे, असे आम्हाला वाटते. हौसेने एक रात्र काढणे वेगळे आणि जन्म काढणे वेगळे.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला छोट्या रेल्वेचे नवल नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने बार्शी लाइट रेल्वे काढली. तिच्या दोन रुळांतले अंतर फक्त अडीच फूट. १८९७ साली ती कुर्डुवाडी-बार्शी अशी धावली, पुढे तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ ला लातूरला पोचली. १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली. येडशीच्या घाटातून धापा टाकत जाणारी ती गाडी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, डोळ्यांसमोर उभी करतील. गंमत अशी की जिल्ह्याचे गाव तिच्या वाटेवर नव्हते. रुंद रूळ आले तेव्हा, २००७-०८ च्या सुमारास, धाराशिव शहराला पहिल्यांदा आगगाडी लाभली.

त्याच मार्गावरचे कसबे तडवळे आपल्याला विसरता येणार नाही. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी तिथे महार-मांग वतनदार परिषद भरली. बाबासाहेब आले आणि त्यांचा मुक्काम गावातल्या शाळेत होता. एवढ्या मोठ्या माणसाच्या मुक्कामाला शाळेची खोली! पण त्या खोलीचे मोल आज कुठल्या हॉटेलाला येणार?

रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्न बाबासाहेबांनी लहानपणीच सोसला होता. १९०१ साली भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. वडील तिथे खजिनदार होते. मुले मसूर स्टेशनावर उतरली. पत्र वेळेवर न पोचल्याने घ्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, पण जात कळताच त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. शेवटी मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे, असे ठरले. ती रात्र मुलांनी टोलनाक्यापाशी उपाशीपोटी काढली, कारण जेवण जवळ असूनही पाणी मिळाले नाही. पुढे बाबासाहेबांनी स्वतः हा प्रसंग लिहून ठेवला. आगगाडीत तिकिटाला जात नव्हती. स्टेशनाच्या फाटकाबाहेर मात्र जात उभी होती. म्हणून राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव यांची नावे घेऊन मनाई मोडून काढली आहे. तेव्हा आपल्यापैकी कोणी अशा हौशी घरात एक रात्र राहिला, तर आम्ही त्याला उधळेपणा म्हणणार नाही. दार उघडले, नाव लिहिले, किल्ली हातात आली, ही गोष्ट साधी नाही. आपल्या आजोबांना ती मिळाली नव्हती.

मात्र खिशाचा विचारही हवा. मोठ्या स्टेशनांवर रेल्वेची विश्रांतिगृहे असतात. काही ठिकाणी एका हॉलमध्ये अनेक पलंगांची डॉर्मिटरीही असते. पक्के किंवा आरएसी तिकीट असेल तर तिकिटावरच्या पीएनआर क्रमांकावर ती आरक्षित करता येतात, जास्तीत जास्त ४८ तासांसाठी. दवाखान्याच्या, परीक्षेच्या किंवा कोर्टाच्या कामाला जाणाऱ्यांनी हे आधी पाहावे. मुलीला एकटीला पाठवताना तर जरूर पाहावे.

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. स्लीपरचा एक डबा साधारण ७० फूट लांब व साडेदहा फूट रुंद असतो. म्हणजे सातशे-साडेसातशे चौरस फूट जागा, आणि त्यात ७२ माणसांचे बर्थ. रमाई आवास योजनेतले आपले घरकुल २६९ चौरस फुटांचे, म्हणजे एका डब्यात जवळजवळ पावणेतीन घरकुले बसतील. डब्यात इंच न इंच कामाला लावलेला असतो. आपल्या घरात मात्र एक मोठे कपाट दारामागे, एक पलंग मधोमध आणि बाकी सगळे जमिनीवर. डब्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

पहिली गोष्ट, पलंगाखालची जागा. डब्यात सामान बर्थखाली जाते. घरातही पेटीचा पलंग केला तर धान्य, गोधड्या आणि कागदपत्रे आत राहतात आणि जमीन मोकळी होते.

दुसरी, हवा. डब्याला दोन्ही बाजूंनी खिडक्या असतात. घरकुलाचा चौथरा पडतानाच गवंड्याला सांगावे की समोरासमोर खिडक्या हव्यात. मागची भिंत बंद ठेवली तर चुलीचा धूर आणि उन्हाळा दोन्ही घरातच कोंडतात.

तिसरी, छप्पर. कोरोनाच्या साथीत २०२० साली रेल्वेने हजारो डबे रुग्णांसाठी तयार केले. मधले बर्थ काढले, खिडक्यांना मच्छरदाणी लावली, एका संडासाची न्हाणी केली. २०२१ च्या एप्रिलमध्ये नंदुरबारला असे डबे प्रत्यक्ष वापरले गेले. पण पत्रा उन्हाने तापतो. तिथे कूलर लावावे लागले, छतावर गोणपाट टाकून पाणी सोडावे लागले. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली राहणाऱ्या बाळंतिणीचे आणि म्हाताऱ्यांचे काय होते, हे कोणी सांगायला नको. स्लॅब परवडत नसेल तर पत्र्याला निदान पांढरा रंग द्यावा, वर पाचट पसरावे. फार खर्च नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, अभ्यासाची जागा. बर्थच्या डोक्याशी छोटा दिवा असतो. एक वाचतो, बाकीचे झोपतात, कोणाची अडचण होत नाही. परळच्या चाळीतल्या एकाच खोलीत रामजी सकपाळांचा सगळा संसार होता. भीमरावांना लवकर झोपवून पहाटे दोनला उठवायचे आणि तोवर वडिलांनी जागे राहायचे, असा त्या घराचा नेम होता. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून रामजीबाबांनी झोपेच्या पाळ्या केल्या. आपण कोपऱ्यात एक फळी, एक दिवा आणि टीव्ही बंद ठेवायची ठराविक वेळ एवढे तरी करू शकतो. भिंतीला बिजागरीची फळी लावली तर अभ्यास झाल्यावर ती मिटवून ठेवता येते.

एवढे सांगूनही आमचे एक म्हणणे राहतेच. छोटे घर नीट लावता येते म्हणून छोटे घरच पुरेसे आहे, असे कोणी आपल्याला पटवून देऊ नये. आपल्याच जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे दरसाल दिवाळीनंतर पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहतात. तीही ‘छोटी घरे’च आहेत, पण त्यांना खिडकी नाही, न्हाणी नाही, बाईला कपडे बदलायला आडोसा नाही. पैसेवाला डब्यात राहतो ती त्याची हौस. आपल्या माणसावर ती वेळ येते तेव्हा तिला नाइलाज म्हणावे लागते. म्हणून ग्रामसभेत घरकुलाच्या यादीचे वाचन होते त्या दिवशी कामावर खाडा पडला तरी जावे. नाव का वगळले ते लेखी मागावे. जागा नसेल तर गायरान, गावठाण यांचा प्रश्न तिथेच मांडावा. बायकांनी पुढे बसावे, कारण घरात जास्त वेळ त्याच असतात.

रेल्वेच्या डब्यात प्रत्येकाला क्रमांकाची जागा असते आणि ती कोणी बळकावली तर टीसीला बोलावता येते. घराच्या बाबतीतही आपली जागा कागदावर असली पाहिजे, आणि ती मागायला आपण उभे राहिले पाहिजे.