जुने भिंग, नवे भिंग

आपल्या व्यवसायात ‘नवे ते सरस’ हे सूत्र बहुतेक वेळा खरे ठरते. नवी लस वा नवा व्हेंटिलेटर यांचे ऋण कोणताही बालरोगतज्ज्ञ नाकारणार नाही. मात्र हेच सूत्र सर्वत्र लावण्याची सवय जडते आणि ‘सरस, पण कशासाठी?’ हा प्रश्न मागे पडतो. छायाचित्रणाच्या छंदाने तो माझ्यापुढे पुन्हा उभा केला.

लायकाच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठीचे ३५ मि.मी. एफ/१.४ समिलक्स हे भिंग १९६१ मध्ये आले. एफ/२.८ च्या तुलनेत ते चौपट प्रकाश आत घेते. त्यामुळे खिडकीच्या मंद उजेडातही फ्लॅशवाचून काम भागते. सात घटकभिंगांची ही रचना तीन दशके टिकली. छिद्र पूर्ण उघडले असता तिच्यात गोलीय विपथन राहते. म्हणजे कडेने आलेले किरण मध्यातून आलेल्या किरणांशी एकाच प्रतलावर जुळत नाहीत. परिणामी प्रतिमेवर धूसर तेजाचा पडदा पसरतो. १९९४ च्या आवृत्तीत अगोलीय पृष्ठभाग योजून हा दोष आवरला गेला. २०१० मध्ये अंतरानुसार सरकणारा भिंगसमूह आला आणि छिद्र लहान करताना फोकस ढळण्याची खोड बरीच कमी झाली. रेंजफाइंडरमध्ये नजर भिंगातून जात नसल्याने ही खोड छायाचित्रकाराला आधी कळत नाही. म्हणून ही सुधारणा विशेष मोलाची. तीक्ष्णतेच्या कसोटीवर नवे भिंग श्रेष्ठ आहे, यात वाद नाही.

तरीही २०२२ मध्ये लायकाने एकीकडे ४० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाणारी सुधारित आवृत्ती आणली आणि त्याच वर्षी १९६१ च्या रचनेचे भिंगही पुन्हा बाजारात आणले. निर्मात्यालाच दोन्ही हवीशी वाटली, हे लक्षणीय आहे.

आईच्या अखेरच्या वर्षी मी तिची छायाचित्रे दोन्ही भिंगांनी काढली. तीच खुर्ची, तीच खिडकी, छिद्र एफ/१.४. नव्या भिंगाने ओठांची फिकट छटा, गालांची उतरलेली हाडे आणि हातावरील सुईचे व्रण असे काहीच सोडले नाही. जुन्या भिंगाने हे सारे पुसले नाही, केवळ मागे सारले. पुढे आले ते तिचे हसू. घरच्यांनी भिंतीसाठी जुन्या भिंगाचे चित्र निवडले. मीही तेच निवडले. दुसरे चित्र माझ्या कपाटात आहे. ते पाहताना मी डॉक्टर असतो, भिंतीवरचे पाहताना मुलगा. दोहोंपैकी खोटे कोणते, हे मला सांगता येणार नाही.

याचा अर्थ जुन्याची आरती करावी असा नव्हे. दोषालाच ‘स्वभाव’ म्हणून गौरवणारे रसिक मला पटत नाहीत. जुने भिंग एक मीटरहून जवळ जात नाही. बाळाच्या अंगावरील पुरळाची नोंद ठेवायला ते निरुपयोगी आहे. तेथे मऊपणा हा गुण नसून चूक आहे. पण त्याच भिंगाचे छिद्र एफ/४ पर्यंत लहान केले की ते पुरेसे तीक्ष्ण होते. नव्याला मात्र कितीही आर्जवे केली तरी तो मऊपणा साधत नाही.

मला वाटते, तपासणीच्या टेबलावरही हाच विवेक हवा. आपली साधने दिवसेंदिवस अधिक बारकाईने पाहू लागली आहेत, आणि ते इष्टच आहे. परंतु अहवालातील प्रत्येक आकडा त्याच तीक्ष्णतेने घाबरलेल्या आईबापांपुढे मांडणे म्हणजे सत्य सांगणे नव्हे. काहीही न लपवता, काय पुढे आणावे आणि काय मागे ठेवावे, हे ठरवणे आपले काम आहे. ते कोणतेही भिंग आपल्यासाठी करणार नाही.