जहाजावरील उक्तीं पेयें

ठाण्याच्या एका वाचकभगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. पत्र चार पृष्ठांचें असून त्यांतील साडेतीन पृष्ठें एकाच प्रश्नाला वाहिलेलीं आहेत. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत ह्यूस्टन शहरीं असतात. येत्या उन्हाळ्यांत आईवडील, पुण्याची बहीण व तिचे यजमान ह्यांना बोलावून सर्वांनीं मिळून सात रात्रींची क्रूझ करावी, असा त्यांचा बेत आहे. ह्यूस्टनजवळच्या गॅल्व्हेस्टन बंदरांतून निघावयाचें, मेक्सिकोंतील कोझुमेल व कोस्टा माया आणि होंडुरासचें रोआतान बेट हीं ठिकाणें पाहून परत यावयाचें. मंडळी आठ, मोठीं माणसें सहा, नातवंडें दोन. केबिनी तीन. येथपर्यंत सर्व आनंदीआनंद होता. पुढें प्रश्न निघाला तो जहाजावरील पिण्याचा. चिरंजिवांचें म्हणणें, सहाही जणांसाठीं पेयांचें पॅकेज एकदम घेऊन टाकावें, म्हणजे तेथें गेल्यावर कटकट नको. बँकेंतून निवृत्त झालेल्या त्यांच्या वडिलांनीं आंकडा ऐकला आणि फोन सुनेच्या हातीं द्यावयास सांगितलें. ह्या गोष्टीला तीन आठवडे झाले. बापलेकांचें बोलणें प्रकृतीच्या चौकशीपलीकडे अद्याप गेलेलें नाहीं. दोघांपैकीं कोणीं माघार घ्यावी, असें बाईंनीं आम्हांस विचारलें आहे.

ज्यांना ह्या व्यवहाराची माहिती नाहीं, त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. जहाजाच्या भाड्यांत राहणें, जेवणखाण, गाण्यानाचण्याचे कार्यक्रम हीं येतात. पेयांचें तसें नाहीं. अमेरिकेंतील बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर साधें पाणी, चहा, साधी कॉफी, लिंबाचें सरबत आणि न्याहरीच्या वेळीं फळांचा रस एवढेंच भाड्यांत मिळतें. (चहा म्हणजे गरम पाण्याचा पेला व त्यांत सोडावयाची पुडी, ज्यांना आलें घालून उकळलेला चहा लागतो त्यांनीं मनाची तयारी करून जावें.) बाटलींतलें पाणी, कोला, यंत्रावर काढलेली फेसाळ कॉफी, ताज्या फळांचा रस आणि सर्व प्रकारचें मद्य ह्यांचे पैसे निराळे. डिस्नेच्या जहाजांवर जेवणाबरोबरचा कोला फुकट असतो, आणि व्हायकिंगसारखी कंपनी दुपारच्या व रात्रीच्या जेवणाबरोबर बिअर व वाइनही देते. परंतु तेथें भाडेंच तसें असतें. जहाजावर रोकड चालत नाहीं. प्रत्येकास एक कार्ड मिळतें, पेला हातीं आला कीं तें दाखवावयाचें, आणि खात्यावर रक्कम चढत जावयाची.

पॅकेज म्हणजे ह्या सर्वांचा उक्ता ठराव होय. रोजचे अमुक इतके डॉलर आधीं भरले कीं पेल्यागणिक हिशेब नाहीं. आपल्याकडे खाणावळींत मोजकें ताट आणि पोटभर थाळी असा जो भेद असतो तोच हा. फरक इतकाच कीं, येथें थाळी सातही दिवसांची घ्यावी लागते. एखाददुसऱ्या दिवसापुरतें पॅकेज सामान्यतः मिळत नाहीं, आणि आपला पेला दुसऱ्यास देतां येत नाहीं. "हवें तितकें" ह्या शब्दालाही कोठें कोठें सीमा आहे. कार्निव्हल कंपनीच्या पॅकेजांत चोवीस तासांत मद्याचे १५ पेले मिळतात, अधिक नाहींत. ही मर्यादा ज्यांना जाचत असेल त्यांचा प्रश्न आमच्या ह्या सदराच्या कक्षेबाहेरचा आहे.

आतां हिशेब. किंमती कंपनीगणिक, सफरीगणिक, किंबहुना आठवड्यागणिक बदलतात. म्हणून बाईंनीं पत्रांत दिलेलेच आंकडे आम्ही धरतों. मद्यासहित पॅकेज माणशीं रोज ८० डॉलर. त्यावर सक्तीची बक्षिशी १८ टक्के. म्हणजे ९४ डॉलर ४० सेंट. सात दिवसांचे ६६०.८०. सहा माणसांचे ३९६४.८०, रुपयांत तीन लाखांच्या वर. बँकेंत जन्म काढलेल्या गृहस्थांनीं फोन खालीं ठेवला नाहीं हेंच विशेष. सुटा पेला १३ डॉलरांस पडतो. बक्षिशी त्यावरही तितकीच आहे, म्हणून तुलनेपुरती ती दोन्हीकडून सोडून दिली तरी चालेल. ८० ला १३ नीं भागलें असतां सहा पेले होऊन थोडें उरतें. म्हणजे सातव्या पेल्यापासून पॅकेज फायद्याचें, आणि तेंही एखाद्या रात्रीं रंगांत येऊन नव्हे, तर रोज, सातही दिवस. त्यांतले तीन दिवस जहाज बंदरांत उभें राहणार. मंडळी सकाळीं उतरणार, तिसऱ्या प्रहरीं परतणार, आणि गांवांतल्या दुकानांत जहाजाचें पॅकेज कोणी विचारीत नाहीं.

एवढ्यावर भागलें असतें तरी गोष्ट सोपी होती. पुष्कळ कंपन्यांचा नियम असा आहे कीं, केबिनींतील एका प्रौढ माणसानें मद्याचें पॅकेज घेतलें तर त्या केबिनींतील २१ वर्षांवरील सर्वांनीं तें घेतलें पाहिजे. कारण उघड आहे. एकानें पैसे भरावे आणि दोघांनीं प्यावें असें होऊं नये. कंपनीच्या दृष्टीनें नियम रास्त म्हणावा लागेल. परंतु पति घेतो आणि पत्नी स्पर्शही करीत नाहीं अशीं जोडपीं आपल्याकडे थोडीं नाहींत. तेथें हा नियम कसा बसतो तें पाहा. दोघांचे रोजचे १६० डॉलर, पिणारा एक. पैसे फिटावयाचे तर त्या एकट्यानें दिवसाला तेराव्या पेल्यापर्यंत गेलें पाहिजे. बाईंच्या पत्राप्रमाणें त्यांचे चिरंजीव व जांवई सायंकाळीं एखाददुसरा पेला घेतात, सूनबाई जेवणाबरोबर क्वचित् वाइन घेतात, आणि बाकीचीं तिघें मुळींच घेत नाहींत. त्या तिघांपैकीं एक स्वतः बाई. त्यांना सोड्यानेंदेखील ठसका लागतो. न पिणाऱ्या ह्या तिघांचे मिळून १९८२ डॉलर ४० सेंट व्हावयाचे!

ह्यांत कंपन्या लबाडी करतात असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. त्या भाडें कमी ठेवून आंतल्या विक्रीवर आपला संसार चालवितात, आणि हें त्या लपवीतही नाहींत. कार्निव्हल उद्योगसमूहाचे २०२३ सालचे जाहीर आंकडे पाहिले तर एकूण उत्पन्न २१.६ अब्ज डॉलर, त्यांपैकीं भाड्याचें सुमारें १४.१ अब्ज; उरलेलें साडेसात अब्ज जहाजावरील विक्रीचें व इतर किरकोळ बाबींचें. रुपयांतले साडेपांच आणे म्हणा ना. तेव्हां पॅकेज हें पाहुणचाराचें ताट नव्हे, दुकानांतला माल आहे. आणि माल घेतांना जें तोंड आपण मंडईंत उघडतों तें येथेंच मिटून ठेवण्याचें कारण नाहीं.

पण पैशाहून मोठी हानि दुसरीच होते, आणि ती आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. चार वर्षांपूर्वीं आम्ही कुटुंबीयांसह अशाच एका सफरीवर होतों. आमच्या मंडळींतील एका गृहस्थांनीं पॅकेज घेतलें होतें. स्वभावानें ते मितपानी. घरीं सणासुदीला देखील दुसऱ्या पेल्यास नको म्हणणारे. परंतु पैसे आधीं भरलेले! पहिल्या दिवसापासून त्यांनीं कागदाच्या तुकड्यावर रेघा ओढण्यास प्रारंभ केला. सहा रेघा झाल्याखेरीज झोंपावयाचें नाहीं असा नेम. चौथ्या दिवशीं जहाज कोस्टा मायाला लागलें. तेथून जवळच चाक्चोबेन येथें माया लोकांचीं प्राचीन देवळें जंगलांत उभीं आहेत. तीं पाहावयाचीं म्हणून ह्याच गृहस्थांनीं तीन महिने पुस्तकें वाचलीं होतीं. सकाळीं डोकें जड झाल्याचें निमित्त झालें, आणि शिवाय "बाहेर गेलों तर दिवसाचे पैसे फुकट" हा विचार. ते जहाजावर राहिले. आम्ही देवळें पाहून आलों तेव्हां ते गच्चीवर एकटेच बसले होते, आणि समोर पांचवा पेला होता. त्यांनीं आम्हांला देवळांविषयीं कांहीं विचारलें नाहीं. आम्हीही सांगितलें नाहीं.

त्यांना हंसण्यांत अर्थ नाहीं. १९८५ सालीं आर्क्स व ब्लूमर ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो येथील एका नाट्यगृहाचीं हंगामी तिकिटें घेणाऱ्यांपैकीं कांहींना त्यांनीं न मागतां सूट दिली. हंगामाच्या पूर्वार्धांत ज्यांनीं पूर्ण पैसे भरले होते ते सूटवाल्यांपेक्षां अधिक नाटकांना गेले. नाटकें तींच, प्रेक्षक त्याच आवडीचे. ओढून नेणारा तो गेलेला पैसा. ह्याच्या उलट दुसरी चूकही माणसें करतात. डेलाव्हिन्या व माल्मेंडिअर ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं अमेरिकेंतील व्यायामशाळांचे हिशेब मांडून दाखविलें कीं, महिन्याचे सत्तर डॉलरांवर भरणारे सभासद सरासरीनें महिन्यांतून चारपांच वेळांच जात, आणि त्यांना एक खेप सतरा डॉलरांहून अधिक पडे. दहा खेपांचें सुटें तिकीट घेतलें असतें तर दहा डॉलरांत भागतें. आपण पुढें काय करूं ह्याविषयींचा माणसाचा अंदाज फारच उदार असतो. पॅकेज घेणारा म्हणून दोन्हीकडून सांपडतो. न प्याला तर पैसे जातात, आणि प्याला तर प्रकृति.

मग वडिलांचें म्हणणें खरें आणि मुलाचें खोटें, असें लिहून आम्ही मोकळे झालों असतों. परंतु त्याच सफरींतली आमची आत्या डोळ्यांपुढे येते. आत्याचें वय तेव्हां चौऱ्याहत्तर. घरीं सकाळीं तिला दोन कप कडक कॉफी लागते. ती मिळाल्यावांचून ती वर्तमानपत्रासही हात लावीत नाहीं. जहाजावर पहिल्या दिवशीं तिनें यंत्राची कॉफी घेतली व ती तिला फार आवडली. कप खालीं ठेवतांना पोऱ्यानें सहीची चिठ्ठी पुढें केली. "केवढ्याची?" असें तिनें भाच्यास विचारलें, त्यानें सांगितलें. दुसऱ्या दिवसापासून आत्या म्हणूं लागली कीं, समुद्रावर कॉफी सोसत नाहीं. सात दिवस ती पुडीचा चहा पीत बसली. पुण्यास परतल्यावर तिसऱ्या दिवशीं ती सहज बोलून गेली कीं, ती कॉफी खरोखर छान होती हो. भाच्याचें तोंड पाहवेना. त्याला तिच्या कॉफीचे पैसे जड नव्हते. तिला मात्र प्रत्येक कपाबरोबर त्याच्या खात्यावर चढणारी रक्कम दिसत होती.

बाईंच्या चिरंजिवांनीं "कटकट नको" असें जें म्हटलें, त्याचा अर्थ आमच्या मतें हाच असावा. आईनें हात आंखडून बसूं नये, बाबांनीं प्रत्येक चिठ्ठी उलटून पाहूं नये, एवढीच त्यांची इच्छा. ती बोलतांना त्यांनीं भलत्याच वस्तूचें नांव घेतलें. तेव्हां माघारीचा प्रश्न बाजूला ठेवून आमची सूचना अशी. मद्याचें पॅकेज कोणासाठींही घेऊं नये. मुलगा व जांवई ह्यांनीं रोज दोन दोन पेले सुटे घेतले, तर बक्षिशी धरून सात दिवसांचे दोघांचे ४२९ डॉलर ५२ सेंट होतात. सूनबाईंच्या वाइनसाठीं, चढतेवेळीं प्रौढ माणशीं एक बाटली बरोबर नेण्याची मुभा बऱ्याच कंपन्या देतात, तिचा उपयोग करावा. आईवडिलांच्या खात्यावर मात्र मुलानें निघण्यापूर्वींच कांहीं रक्कम, शंभर शंभर डॉलर म्हणा, भेट म्हणून जमा करून ठेवावी. तशी सोय असते. सरतेशेवटीं उरलेली रक्कम परत मिळते कीं नाहीं हें त्यानें कंपनीस विचारून घ्यावें, आणि मिळत असली तर आईवडिलांस सांगूं नये. आधीं भरलेला जो पैसा आमच्या स्नेह्यांस सहावा पेला पाजीत होता, तोच आत्याला दुसरा कप घेऊं देता, हें आमच्या फार उशिरां ध्यानांत आलें.

ज्या घरांत खरोखरच रोज सहासात पेले घेणारें कोणी असेल व पॅकेज घ्यावयाचेंच असेल, त्यांनीं केबिनींची वांटणी आधीं करावी. नियम केबिनीचा आहे, नात्याचा नाहीं. घेणारे दोघे मेहुणे एका केबिनींत आणि नणंदभावजया दुसरींत राहिल्या तर अर्धी रक्कम वांचते. गरोदरपण किंवा आजार असल्यास कांहीं कंपन्या फोनवर विनंति केली असतां न पिणाऱ्यास साध्या पेयांचें स्वस्त पॅकेज देऊन सोडतात, आधीं विचारावें. पॅकेज घरूनच नोंदवावें, जहाजावर तें बहुधा महाग पडतें.

पत्राच्या शेवटच्या अर्ध्या पृष्ठांत बाईंनीं दुसरी एक अडचण लिहिली आहे. यजमानांनीं जहाजावर आपला जुना फिरकीचा तांब्या नेण्याचें ठरविलें आहे. कोंकणच्या बोटींतून ते लहानपणीं आजोळीं जात, तेव्हां तोच बरोबर असे. मुलांना ह्याची लाज वाटते. आमच्या माहितीप्रमाणें रिकामा तांब्या नेण्यास कोणत्याही कंपनीची हरकत नसावी. जहाजाच्या नळाचें पाणी पिण्यायोग्य असतें; समुद्राचें पाणी यंत्रांतून गोडें करून अथवा बंदरांतून भरून घेऊन तें शुद्ध केलेलें असतें, आणि अमेरिकन बंदरांत येणाऱ्या अशा जहाजांची आरोग्यखात्याकडून अकस्मात् तपासणी होण्याची पद्धति १९७५ च्या सुमारापासून आहे. बाटलीचे पैसे देण्याचें कांहीं कारण नाहीं. तांब्या जरूर न्यावा. फक्त केबिनींतल्या मेजावर ठेवतांना झांकण घट्ट फिरविलेलें असावें, जहाज हेलकावे खातें.