आधी सील पाहा

गेल्या आठवड्यात खरवईत आमच्या शेजारची सूनबाई वेट वाइप्सचे पाकीट घेऊन आली. "काका, दुकानातून आणले तेव्हाच झाकण उचकटलेले होते. आतले कोरडे होते म्हणून नळाचे पाणी घातले. बाळाला वापरू ना?"

मी ते पाकीट आधी बाजूला ठेवायला लावले.

भगिनींनो, या पाकिटाचा चिकट पट्टा पुन्हापुन्हा लावता येतो. सोय तीच आणि मेखही तीच! पट्टा नीट बसलेला दिसला म्हणजे पाकीट कोरे, असे नव्हे. बऱ्याच पाकिटांत पट्ट्याखालच्या प्लास्टिकला अर्धवट चीर असते. पहिल्यांदा ओढताना ती फाटते, पुन्हा जुळत नाही. घरी उघडताना ती आधीच फाटलेली दिसली, तर पाकीट परत करावे. दुकानात पट्ट्याची कड धूळ लागून सुटलेली असेल, तर घेऊच नये.

१९८२ साली शिकागोत टायलेनॉल या औषधात कुणी सायनाइड मिसळले; ७ माणसे गेली. त्यानंतर अमेरिकेत अशा औषधांना सील सक्तीचे झाले.

नळाच्या पाण्याचे म्हणाल, तर जंतू वाढू नयेत म्हणून वाइप्सच्या ओलाव्यात औषध असते. पाणी घातले की ते पातळ होते आणि बुरशीला रान मोकळे.

सूनबाईकडे पावती नव्हती. (पावती घ्या हो! ती असली की १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणे सोपे जाते.) मी सोबत गेलो. दुकानदाराने कुरकुरत पाकीट बदलून दिले. तोवर बाळाला कोमट पाणी आणि मऊ सुती फडके होतेच, तेही फुकटात.