आपल्याच घरात दुरून शिरताना

समजा, चिपळूणच्या तुमच्या घराच्या अंगणात तुम्ही एक स्वयंचलित पर्जन्यमापक बसविला आहे. माजघरातला एक चिमुकला संगणक दर पाच मिनिटांनी पावसाची नोंद करून ठेवतो. दहावीनंतर तुम्ही शिकायला पुण्यास आलात. आषाढ लागला, घरी धो धो कोसळतो आहे, आणि वसतिगृहात बसून ते आकडे तुम्हांला हवे आहेत. ते कसे मिळवाल? आईला फोन करून वाचायला सांगणे हा एक मार्ग झालाच. पण दिवसाच्या २८८ नोंदी वाचून दाखविण्याइतकी सवड तिला असेल असे वाटत नाही.

अडचण पत्त्याची आहे. घरातल्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२० असा काहीतरी असतो. असे पत्ते केवळ खासगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले आहेत, आणि जगातल्या लक्षावधी घरांत तेच ते आकडे वापरले जातात. 'माजघरातले डाव्या हाताचे कपाट' एवढाच पत्ता लिहून पत्र टाकले तर पोस्टमन काय करील? बाहेरच्या जगाला ओळखू येतो तो फक्त राउटरचा सार्वजनिक पत्ता. आतले कपाट राउटरलाच ठाऊक.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे राउटरमध्ये एक दार, म्हणजे पोर्ट, उघडायचे आणि तेथे येणारी प्रत्येक विचारणा थेट आतल्या यंत्राकडे वळवायची. घरोघरी कॅमेरे बसवून देणारे कारागीरही पुष्कळदा हेच करतात. काम चटकन होते, गिऱ्हाईक खूष होते. माझा विरोध आहे तो नेमका याच उपायाला.

'आमच्या आडगावच्या घराकडे कोण बघतो?' असे तुम्ही म्हणाल. पण इंटरनेटला आडगाव नसते. ३२ बिटांचे सगळे पत्ते मिळून सुमारे ४२९ कोटी होतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की, एकच संगणक ४५ मिनिटांच्या आत त्या सर्व पत्त्यांवर एखादे ठरावीक दार ठोठावून पाहू शकतो. म्हणजे तुमचे दार कोणी मुद्दाम शोधायला नको, ते ओघानेच सापडते. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच केले. कारखान्यातून आलेली, कधीच न बदललेली नावे व पासवर्ड यांच्या साठेक जोड्या त्याच्यापाशी होत्या. तेवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे आणि घरगुती उपकरणे ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांकरवी डिन या कंपनीवर विचारण्यांचा भडिमार झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास अनेकांना मिळेनाशा झाल्या. आपला कॅमेरा त्या दिवशी काय करीत होता, हे बहुतेक मालकांच्या गावीही नव्हते!

मग चांगला मार्ग कोणता? आभासी खासगी जाळे, म्हणजेच व्हीपीएन. पर्जन्यमापकाला लिहिलेली चिठ्ठी तुमचा फोन सांकेतिक भाषेत बदलतो, दुसऱ्या पाकिटात घालतो आणि त्यावर घराच्या राउटरचा सार्वजनिक पत्ता लिहितो. वाटेतल्या सर्वांना दिसते ते फक्त बाहेरचे पाकीट. घरी पोहोचल्यावर ते उघडले जाते आणि आतली चिठ्ठी घरातल्याच कोणीतरी टाकल्यासारखी कपाटापर्यंत जाते.

चौकस विद्यार्थी येथे अडवील: 'पण सर, या पाकिटासाठीही एक दार लागणारच ना?' लागते. प्रश्न अगदी रास्त आहे. फरक आहे तो दारामागे कोण उभे आहे, यात. कॅमेरा येईल त्याला 'नाव सांगा, पासवर्ड सांगा' असे विचारीत बसतो. वायरगार्ड ही व्हीपीएन प्रणाली २०२० साली लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. ओळखीची किल्ली नसलेल्याला ती काहीच उत्तर देत नाही. 'कोण आहे?' असेही नाही. त्यामुळे येथे दार आहे की नुसती भिंत, हेच ठोठावणाऱ्याला कळत नाही.

आणि चोरांच्या देखत दोघांनी गुपित कसे ठरवायचे? ती युक्ती डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. ती तुम्ही कागदावर करून पाहा. ३ आणि १७ हे आकडे सर्वांना ठाऊक आहेत. तुम्ही मनात ६ धरा, मित्र ४ धरील. तुम्ही ३ चा सहावा घात काढून १७ ने भागा, बाकी १५. मित्राची बाकी १३. या बाक्या एकमेकांना मोठ्याने सांगा. आता तुम्ही १३ चा सहावा घात घ्या, मित्र १५ चा चौथा घेईल. १७ ने भागल्यावर दोघांचीही बाकी १६ येते, आणि हा आकडा कोणीच उच्चारलेला नाही! प्रत्यक्षात या कल्पनेची अधिक अवघड आवृत्ती आणि पाऊणशे अंकी संख्या वापरतात. शिक्षकांना माझी विनंती आहे, की व्हीपीएनची व्याख्या मुलांकडून घोकून घेण्यापेक्षा हा भागाकार एकदा फळ्यावर करावा.

जाहिरातींतून 'अदृश्य व्हा' म्हणून विकले जाणारे व्हीपीएन मात्र निराळे. तेथे पाकीट तुमच्या घरी जात नाही, विक्रेत्याच्या यंत्रात जाऊन उघडते. म्हणजे विश्वासाची जागा बदलली, एवढेच.

घरचा बोगदा खोदण्यापूर्वी घरच्या मोठ्यांना विचारा, कारण त्याच जाळ्यावर वडिलांचे हिशेब आणि कुटुंबाचे फोटोही असतात. वसतिगृहाच्या जाळ्याचे नियमही पाहा. फोनच्या किल्लीला फक्त पर्जन्यमापकापर्यंतच वाट द्या. फोन हरवला तर ती किल्ली त्याच दिवशी घरच्या यादीतून खोडा. काही ठिकाणी इंटरनेट पुरविणारी कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटते. तेथे बाहेरून येणारे पाकीट घरापर्यंत पोहोचतच नाही, आणि मध्ये सार्वजनिक पत्ता असलेले एखादे भाड्याचे यंत्र घ्यावे लागते.

बोगदा तयार झाला की एक प्रयोग करा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे तंतूच्या दर १०० किलोमीटरना जाण्यायेण्याचा वेळ १ मिलिसेकंद. घरच्या संगणकाला 'पिंग' पाठवून लागलेला वेळ मोजा आणि या हिशेबाशी ताडून पाहा. तो बराच जास्त येईल. जादा वेळ कोठे गेला, हे वर्गात मांडा.